ओल्या कपड्यांचा नियम

वत्सलाकाकू पायरीवर बसून होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे आणि खोबरेल तेलाची बाटली. समोर पोहण्याचा पूल होता. निळा, स्वच्छ आणि पूर्ण रिकामा. महिला बॅच सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि त्या एकट्याच आल्या होत्या. त्याही कोरड्याच.

"काकू, उतरा ना पाण्यात," मी म्हणाले.

"उतरीन व शीला. पण मंग निघू कशी? ओलीचिंब ऑटोत बसू का मी? तो बसू देईन का मले?"

मी भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड मीच लावला होता. त्यावर लिहिलं होतं, 'घरूनच पोहण्याचे कपडे घालून यावे व तसेच घरी जावे. चेंजिंग रूम पुढील आदेशापर्यंत बंद राहील.'

सकाळी पुरुषांच्या बॅचेस होऊन गेल्या होत्या. कमरेला टॉवेल, वर शर्ट, स्कूटरला किक, की घरी. त्यांचं कुणाचं काही अडलं नव्हतं. उलट एकजण मला म्हणाला होता, "मॅडम, हे बेस्ट आहे, टाइम वाचते."

काकूंनी थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि निघून गेल्या.

आमचा पूल नगर परिषदेचा. बुलडाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं अजून तिथेच राहतात आणि मला बाजारात भेटतात. मी या पुलावर आधी लाइफगार्ड म्हणून लागले, मग कोच झाले आणि शेवटची काही वर्षं व्यवस्थापक होते. आता रिटायर झाले आहे. माझं माहेर धामणगाव बढे. वडिलांनी पाठीला रिकामा डबा बांधून शेतातल्या विहिरीत सोडलं, तिथून सुरुवात. पुढे बीपीएड केलं, सर्टिफिकेटं मिळाली, पण पाण्याची भीती गेली ती त्या डब्यामुळेच.

कोरोनात पूल बंद होते हे सगळ्यांना आठवत असेल. पूल बंद ठेवणं म्हणजे गेटला कुलूप लावणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पाणी नुसतं ठेवलं तर आठवड्याभरात हिरवं होतं, त्यात डास होतात. पूल रिकामा केला तर आमच्याकडच्या उन्हात टाइल्स तडकतात. म्हणून पाणी फिरतं ठेवावं लागतं. सगळा लॉकडाऊन मी आणि गजाननभाऊ रोज पुलावर येत होतो. गजाननभाऊ आमचे प्लांट ऑपरेटर. म्हणजे मोटार, फिल्टर आणि क्लोरीन सांभाळणारा माणूस. ते वाळूचा फिल्टर उलट्या पाण्यानं धुऊन काढायचे, त्याला बॅकवॉश म्हणतात. मी लांब दांड्याच्या जाळीनं कडुनिंबाची पानं काढायचे. एक खंड्या डायव्हिंग बोर्डावर येऊन बसायचा. पाण्यात मासे नाहीत हे त्याच्या ध्यानात यायला उन्हाळा जावा लागला.

ते दिवस वाईट होते. गावात रोज कुणीतरी जात होतं. तरी खरं सांगते, त्या वेळचा पूल मला अजून आठवतो. एवढं शांत पाणी मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. गजाननभाऊ मोटार बंद करायचे आणि आम्ही दोघं काठावर लांब लांब बसून डबा खायचो. बोलायचो फारसं नाही. जेवण झालं की ते विचारायचे, "मॅडम, पोट्टे येतीन ना पुन्हा?" मी म्हणायचे, "येतील."

दुसरी लाट ओसरली, लसीचे दोन डोस बऱ्याच जणांचे झाले आणि दिवाळीच्या सुमारास पूल उघडायची परवानगी आली. सोबत नियम आले. दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश. एका बॅचमध्ये मोजकीच माणसं. दोन बॅचच्या मध्ये रिकामा वेळ, त्यात रेलिंग आणि शिड्या पुसायच्या. आणि चेंजिंग रूम बंद.

यातला एकही नियम चुकीचा नव्हता. लोक मला विचारायचे, "मॅडम, पाण्यातून कोरोना होते का?" मी सांगायचे, पाण्यात फ्री क्लोरीन असतो. फ्री म्हणजे अजून कामाला न लागलेला, जंतू आला की त्याला मारायला मोकळा असलेला. तो नीट असेल तर पाण्याची भीती नाही. भीती माणसाच्या श्वासाची. आणि श्वास साठतो बंद खोलीत. आमची महिलांची चेंजिंग रूम म्हणजे एक अरुंद खोली, वर छोटं व्हेंटिलेटर, तेही कबुतरांमुळे बुजवलेलं. बॅच सुटली की तिथे एका वेळी अख्खी बॅच. ती खोली उघडा असं मी स्वतःही म्हटलं नसतं.

पण त्याच खोलीत आमची महिला बॅच वाढली होती. मी लागले तेव्हा पुलावर एकही बाई पोहायला येत नव्हती. बॅच सुरू करायला मला काही वर्षं लागली. आधी चार जणी आल्या, त्यातल्या दोघी माझ्या नात्यातल्या. अडचण कॉस्च्यूमची होती. तो प्रश्न शबानानं सोडवला. शबाना शिलाईचं काम करते. ती स्वतः पोहायला शिकायला आली आणि तिनं मनगटापासून घोट्यापर्यंत झाकणारा, पाण्यात न फुगणारा कॉस्च्यूम शिवला. पुढे गावातल्या निम्म्या बायांचे कॉस्च्यूम तिच्याच मशीनवर झाले. मग शिक्षिका आल्या, बँकेतल्या आल्या, शेतकऱ्यांच्या बाया आल्या. वत्सलाकाकू वडनेर भोलजीच्या. लहानपणी विहिरीत सूर मारायच्या. लग्नानंतर चाळीसेक वर्षं पाण्याला शिवल्या नाहीत. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं आणि त्या आमच्याकडे आल्या. पहिल्याच दिवशी मी शिकवायला हात पुढे केला तर त्या माझ्या बाजूनं सरळ पोहत पलीकडच्या काठाला गेल्या.

पोहणं अर्धा-पाऊण तास. त्यानंतर त्या खोलीत तेवढाच वेळ जायचा. केस पुसणं, तेल, कंगवे, कुणाच्या डब्यातला चिवडा, कुणाच्या सुनेची तक्रार. मी बाहेरून दार वाजवायचे, "बाया हो, लाइट बंद करायचा आहे." आतून आवाज यायचा, "करा ना मॅडम, आमाले अंधारात बी बोलता येते." आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्यातल्या निम्म्या जणी पाण्यासाठी येत होत्या आणि निम्म्या त्या खोलीसाठी.

वत्सलाकाकू परत गेल्या त्यानंतरचे दिवस मी उपाय शोधण्यात घालवले. शबानाला म्हटलं, टॉवेलच्या कापडाचे लांब गाऊन शिवून दे, ओल्या कॉस्च्यूमवर घालतील. तिनं एक शिवून आणला. बॅचमधल्या दोघींनी घालून पाहिला. तो पाणी प्यायल्यावर ओल्या गोधडीसारखा जड झाला आणि घालून गेटबाहेर पडलेल्या बाईकडे सगळा रस्ता वळून बघायला लागला. ऑटोवाल्यानं सीट भिजेल म्हणून बसवलं नाही. ती बाई पुन्हा आली नाही.

नगर परिषदेत रोजचा आकडा पाठवावा लागायचा. महिला बॅचपुढे बहुतेक दिवस शून्यच लिहून जात होतं. आमचे मुख्याधिकारी साताऱ्याकडचे, तरुण, बोलायला नम्र. त्यांनी फोन केला.

"मॅडम, महिलांचा रिस्पॉन्स नाही. ती वेळ आपण स्पर्धेच्या खेळाडूंना देऊ या. पालक माझ्याकडे येऊन गेलेत."

"सर, थोडे दिवस द्या."

"थांबून काय होणार? इच्छा असती तर आल्या असत्या ना."

मला फोनवर नीट सांगता आलं नाही. हा विषयच असा की पुरुष अधिकाऱ्याला सांगताना संकोच वाटतो. मी एवढंच म्हणाले, "अडचण आहे सर." ते म्हणाले, "अडचण असेल तर लेखी द्या." मी दिलं नाही. कागदावर ते आणखी वाईट दिसलं असतं.

एक गोष्ट मात्र मला माहीत होती. पुलावरची एखादी वेळ एकदा दुसऱ्याला दिली की ती परत मिळत नाही. महिला बॅच आता गेली तर माझ्या नोकरीत पुन्हा उभी राहणार नव्हती. माझ्यानंतर तर नाहीच.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी साहेबांचा पुन्हा फोन आला तेव्हा मी पाण्यात होते. पुलाच्या तळाला जाळ्या असतात, तिथून मोटार पाणी ओढते. जाळी सैल झाली तर त्या ओढीत एखाद्याचे केस किंवा हात अडकू शकतो. म्हणून अधूनमधून मी स्वतः तळाशी जाऊन प्रत्येक जाळी हलवून बघायचे. गजाननभाऊ काठावरून माझा मोबाइल हातात धरून उभे होते.

"साहेब म्हणून राह्यले, लगेच या. खेळाडूंचे पालक येऊन बसले म्हणे."

मी वर आले. स्टाफची चेंजिंग रूमही बंद होती. नियम स्टाफलाही लागू. मीही घरूनच कॉस्च्यूम घालून येत होते आणि ओल्यानंच स्कूटीवर घरी जात होते. माझं घर पुलाच्या मागच्याच गल्लीत, म्हणून माझं निभत होतं. मी कॉस्च्यूमवर कुर्ता चढवला. तो लगेच भिजून अंगाला चिकटला. घरी जाऊन कपडे बदलून ऑफिसला जाता आलं असतं. स्कूटी सुरू करेपर्यंत तोच विचार होता. मग गेटपाशी मी घराकडे वळायच्या ऐवजी बाजाराकडे वळले.

लोक अजून म्हणतात, शीलामॅडमनं ते ठरवून केलं. ठरवून केलं नाही. पण वळल्यावर मागेही फिरले नाही.

बाजारातून नगर परिषद लांब नाही. पण त्या दिवशी ती लांब वाटली. कापडाच्या दुकानाबाहेर उभी माणसं बोलता बोलता थांबली. चहाच्या टपरीवर एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मी पन्नाशी पार केलेली बाई, सगळं गाव मला ओळखतं, अर्ध्या गावाच्या मुलांना मी पोहायला शिकवलेलं. तरी माझे कान तापले होते. ऑफिसच्या जिन्यावर माझ्या मागे पाण्याचे थेंब पडत होते. शिपाई म्हणाला, "मॅडम, बाहेर पाऊस तं नाही." मी म्हणाले, "नाही."

केबिनमध्ये साहेब आणि दोन पालक होते. साहेबांनी वर पाहिलं आणि लगेच नजर टेबलावर नेली.

"बसा ना मॅडम."

"नको सर. खुर्ची ओली होईल."

"काय झालं? काही अपघात?"

"नाही सर. तुम्ही लगेच बोलावलं. मी पुलात होते. नियमाप्रमाणे आले."

वर पंखा फिरत होता आणि मला थंडी वाजत होती. साहेब उठले, भिंतीपाशी गेले आणि पंखा बंद केला. पालकांना म्हणाले, "आपण थोड्या वेळानं बोलू." ते बाहेर गेले.

"महिलांनी असंच घरी जायचं, असं झालंय का?" त्यांनी विचारलं.

"असं कुणी जाणार नाही सर. म्हणून त्या येत नाहीत."

ते पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, "माझ्या हे लक्षातच आलं नाही." त्यांच्या बोलण्यात आव नव्हता. "पण चेंजिंग रूम मी उघडू शकत नाही. उद्या काही झालं तर?"

"उघडू नका. ती खोली खरंच वाईट आहे. मला छप्पर नसलेली खोली पाहिजे. वारा लागेल अशी."

"आठवडाभरात करू शकाल?"

"करते."

करते म्हणाले, पण कशी करायची हे घरी पोचेपर्यंत मला माहीत नव्हतं. कपडे बदलून चहा ठेवला आणि समोरच्या गल्लीत कुणाच्या तरी साखरपुड्याचा छोटासा मंडप दिसला. चार पाइप आणि कनात. कनात म्हणजे मंडपाच्या बाजूंना लावतात तो कापडी पडदा. मी चहा तसाच ठेवून दिलीपभाऊ मंडपवाल्यांकडे गेले.

दीड-दोन वर्षं लग्नं घरातल्या घरात झाली होती. दिलीपभाऊंच्या गोडाऊनमध्ये कनातींचे गठ्ठे छतापर्यंत होते. मी काय पाहिजे ते सांगितलं. ते ऐकत होते आणि एकेक गठ्ठा उलटा करून बघत होते.

"न्या मॅडम, पायजे तेवढ्या न्या. इथं उंदरं खाऊन राह्यले. कापडाले वारा लागला तं टिकते तरी."

"माणसं लागतील उभं करायला."

"माणसं काय, मीच येतो. दोन वर्ष झाले, पाइप उचलला नाही. हात आखडून गेले."

ते दुसऱ्याच दिवशी आले. पुलाच्या पूर्वेच्या कंपाउंडला लागून लोखंडी पाइपांचे चौकोन उभे केले, प्रत्येक चौकोनाला चारी बाजूंनी दुहेरी कनात, खाली फरशी, वर आकाश. एकमेकींपासून अंतर सोडून लहान लहान खोल्यांची ओळ. कनाती लाल-पिवळ्या, लग्नातल्या. एकीवर मोठ्या अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेलं होतं. ती काढा म्हटलं तर दिलीपभाऊ म्हणाले, "असू द्या, त्याच खोलीले नंबर लागतीन."

तपासायला मी शबानाला बोलावलं. तिनं कनात ओढून पाहिली, उजेडात आरपार दिसतं का ते पाहिलं, आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"मॅडम, ते पहा."

तिनं वर बोट केलं. शेजारच्या प्लॉटवर तीन मजली लॉज होता. गच्चीवर एक माणूस चादरी वाळत घालत होता.

"त्याले सगळं दिसते. मी तं नाही बदलणार इथं. अन् मी नाही बदलणार तं कोणीच नाही बदलणार."

तिचं बरोबर होतं. पण वर पत्रे टाकले असते तर पुन्हा तीच बंद खोली झाली असती. आम्ही तिघं वर बघत उभे राहिलो. शेवटी मी वत्सलाकाकूंना फोन केला. त्यांचा मुलगा मिरचीची रोपं तयार करतो. त्याच्याकडे हिरवी शेडनेट होती, ऊन अडवायची जाळी. जाळीतून वारा येतो आणि दुहेरी घातली की वरून खालचं दिसत नाही. काकू मुलाच्या गाडीत जाळीच्या गुंडाळीवर बसूनच आल्या. दिलीपभाऊंनी लॉजच्या बाजूनं ती उंचावर तिरपी बांधली, कनातीच्या आणि जाळीच्या मध्ये हातभर फट ठेवून. गजाननभाऊंनी एका खोलीत उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला आणि फटीतून निघून गेला. मग शबाना लॉजच्या मालकाला सांगून स्वतः गच्चीवर चढली. तिथून तिनं आम्हाला हात केला आणि खाली आल्यावर म्हणाली, "आता बरोबर आहे. काहीच नाही दिसत."

सोमवारी काकू आल्या, शबाना आली, मनीषा नावाची झेडपीच्या शाळेतली शिक्षिका आली. बुधवारी आणखी जणी आल्या. आठवडा संपता संपता बॅच ठरलेल्या संख्येला भरली आणि मला नवीन नावं थांबवावी लागली. साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं, "आकडा बरोबर आहे ना?" मी म्हणाले, "येऊन मोजा." ते आले नाहीत. महिला बॅचच्या वेळी पुरुष येत नाहीत, हेही त्यांना आता कळलं होतं.

तो हिवाळा मला फार आठवतो. पोहून झाल्यावर बाया उन्हात केस वाळवत बसायच्या. दिलीपभाऊंच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या. जुन्या खोलीतलं सगळं बोलणं आता त्या अंतरावरून व्हायचं, म्हणजे ओरडून. एक जण इकडून सासूबद्दल सांगतेय, दुसरी तिकडून विचारतेय, "काय म्हणे? जोरानं बोल व." शबानानं त्याच खुर्च्यांवरून गल्लीतल्या एका भांडणाचा निकाल लावला. मनीषा ऑनलाइन शाळेच्या गोष्टी सांगायची. काकू डोळे मिटून ऊन खात बसायच्या. एकदा म्हणाल्या, "शीला, विहिरीवर बी असंच होतं. वरतून आभाळ अन् बाया बोलून राह्यल्या."

मग थंडी वाढली. आमच्याकडे थंडी फार दिवस टिकत नाही, पण पडते तेव्हा सकाळी बोटं वळत नाहीत. त्याच दिवसांत केसेस पुन्हा वाढायला लागल्या. एका दुपारी मनीषाचा फोन आला. आवाज बसलेला.

"मॅडम, माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. परवा मी बॅचला होते."

"बरं वाटत नव्हतं का तेव्हा?"

"काहीच नव्हतं. काल ताप आला. मॅडम, सगळ्यांना सांगावं लागेल का? माझं नाव नका सांगू. शाळेत कळलं तर…"

"नाव नाही सांगत. पण सांगावं लागेल."

मी सगळ्यांना एकेक फोन केला. बॅच थांबवली. सगळ्यांना टेस्ट करायला सांगितलं. दोघींच्या घरून मला ऐकवलं गेलं की पोहायची काय गरज होती. एका नगरसेवकाचा फोन आला, "पहा मॅडम, बायांची बॅच काऊन चालू केली तुम्ही? आता गावभर पसरन." मला काकूंची काळजी लागली होती. वय, शुगर. त्यांच्या रिपोर्टची वाट बघताना मी पुलावर नुसती फेऱ्या मारत होते.

रिपोर्ट आले. सगळ्या निगेटिव्ह. काकूही. काही दिवसांनी पुन्हा टेस्ट केली, तरी निगेटिव्ह. त्यात नशिबाचाही भाग असेल, मी नाकारत नाही. पण मनीषा त्या दिवशी ज्या खोलीत कपडे बदलत होती तिच्यावर छप्पर नव्हतं, हे मला माहीत होतं.

मला हायसं वाटलं आणि त्याच आठवड्यात पुरुषांच्या सकाळच्या बॅचमधले तिघं पॉझिटिव्ह निघाले. तिघं एकाच वेळी. आरोग्य खात्याच्या सिस्टर विचारायला आल्या, "हे लोक कुठं एकत्र थांबतात का?" मी म्हणाले, "नाही. येतात, पोहतात, ओले घरी जातात." सिस्टर गेल्यावर मी पंपहाउसमध्ये गेले. पंपहाउस म्हणजे जमिनीत अर्धी गाडलेली खोली, तिथे मोटार आणि फिल्टर. आत दोरी बांधलेली होती. दोरीवर चार टॉवेल आणि एक चड्डी वाळत होती.

गजाननभाऊ मोटारीपाशी उभे होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"थंडी पडली तवापासून. ओल्यानं स्कूटरवर बसाचं म्हणजे जीव जाते मॅडम. कुडकुडत होते बिचारे. मोटारीपाशी गरम राह्यते. मी म्हटलं, या, कपडे बदलून घ्या."

"दार बंद करून?"

"दार उघडं ठेवलं तं गरम कसं राहीन?"

मला रागावता आलं नाही. बोलता बोलता ते खोकले. मी त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं. दोन दिवसांनी त्यांना ऑक्सिजन लावला. त्यांची बायको दवाखान्याच्या बाहेर कट्ट्यावर बसून राहायची. मी डबा घेऊन गेले की विचारायची, "मॅडम, येतीन ना हे घरी?" ह्या वेळी 'येतील' म्हणायला मला वेळ लागला.

ते आले घरी. वजन उतरलेलं, चार पायऱ्या चढल्या की दम. पुलावर परत आले तेव्हा पूल पुन्हा बंद झालेला होता, सरकारी आदेशानं, सगळीकडचेच. पाणी फिरतं ठेवायचं होतं, म्हणून आम्ही दोघं पुन्हा रोज येऊ लागलो. पण त्यांचं नाक गेलं होतं. क्लोरीन कमी झाला की जास्त, हे गजाननभाऊ वर्षानुवर्षं वासावर सांगायचे. आता त्यांना क्लोरीनच्या बरणीत तोंड घातलं तरी वास यायचा नाही. मी त्यांच्या हातात टेस्ट किट दिलं. पाण्यात थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं, तो पिवळा रंग पट्टीशी जुळवायचा. ते रोज किट करायचे आणि रोज कुरकुरायचे.

"रंग पाहून पाणी कळते का कधी मॅडम?"

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हळूहळू वास यायला लागला. एक दिवस पंपहाउसमधून बाहेर येऊन म्हणाले, "आज वाढला बा क्लोरीन." मी किटवर पाहिलं. वाढला होता. त्या दिवशी दोघांनी चहा जरा जास्त घेतला.

पूल पुन्हा उघडला तेव्हा पुरुषांच्या बॅचमधले चार-पाचजण माझ्याकडे आले. त्यांचा म्होरक्या तोच होता, ज्याचा टाइम वाचला होता. त्यांना कनाती पाहिजे होत्या. दिलीपभाऊंचा लग्नाचा सीझन तोवर सुरू झाला होता, आणखी कनाती मोकळ्या नव्हत्या. मी पुरुषांना सकाळी, महिला बॅचच्या आधी, त्याच खोल्या वापरायला दिल्या. शबानानं अट घातली की 'शुभविवाह' वाली कुणी वापरायची नाही, ती काकूंची.

साहेबांची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी एक प्रस्ताव मंजूर करून ठेवला. जुनी चेंजिंग रूम पाडून तिथे उंच भिंतींच्या, वर जाळी असलेल्या उघड्या खोल्या बांधायच्या. त्या बांधून झाल्या माझ्या रिटायरमेंटच्या वर्षी. इंजिनिअरनं नकाशात आधी स्लॅब दाखवला होता. तो महिला बॅचनं खोडायला लावला.

आता कधी कधी आजूबाजूच्या गावांतून फोन येतात. डोणगावकडच्या एका शाळेला पूल बांधायचा आहे, कुणाला फार्महाउसवर करायचा आहे. फिल्टर कोणता, पाणी किती खोल, क्लोरीन कोणता, असं विचारतात. मी सांगते सगळं. पण पाण्याचं शेवटी सांगते. आधी विचारते, बाया कपडे कुठं बदलणार? बहुतेक वेळा पलीकडून 'ते बघू पुढे' असं येतं. मग मी म्हणते, ते ठरवा आणि नंतर फोन करा.